यार्डातले ब्लॉक का उचकटले

परवा पिंपळगावकडचा एक मित्र आला होता, त्याला स्वतःचं कोल्ड स्टोरेज टाकायचंय म्हणून आमचं बघायला. चेंबर बघितले, प्री-कूलिंग बघितलं, पॅनल कुठले, कॉम्प्रेसर कुठला, जनरेटर किती केव्हीएचा, सगळं वहीत लिहून घेतलं आणि गाडीला किल्ली लावता लावता म्हणाला, "बाहेर काय, पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ ना?" मी त्याला गाडीतून खाली उतरवला आणि परत चहा सांगितला. त्या "बाहेर काय" पायी आमची सहा वर्षं गेलीत आणि एकाच यार्डाचे पैसे दोनदा गेलेत.

आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे निफाड तालुक्यात. मागे बाग, मध्ये शेड, आणि शेडच्या पुढे बारा गुंठे मोकळं यार्ड, म्हणजे तेरा हजार स्क्वेअर फुटाच्या जरा वर. जानेवारी ते एप्रिल सीझन, तेव्हा सकाळपासून क्रेट घेऊन पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर यांची रीघ, आणि संध्याकाळी न्हावा शेव्याला जाणारा चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर डॉकला (माल भरायच्या ओट्याला) लागतो. हा कंटेनर म्हणजे ट्रेलर, घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन), डबा, माल सगळं धरून तीस टनाच्या घरात जातं. बाकीचे आठ महिने यार्डात कुत्री झोपतात.

पूर्वी तिथे नुसता मुरूम आणि खडी होती. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि ऑडिटला येणारा माणूस दरवेळी धुळीकडे बघून नाक मुरडायचा. मग २०१६ ला आमच्या घरच्या अण्णांनी ठरवलं की ब्लॉक टाकायचे. ठेकेदार ओळखीतला, नाव नको, आता त्याच्या पोराच्या लग्नालाही जाऊन आलोय. त्याने लाल-पिवळे चकचकीत झिगझॅग ब्लॉक दाखवले, आम्हाला आवडले, त्याने महिन्याभरात सगळं यार्ड झाकून दिलं, नारळ फुटला, पेढे वाटले. खरं सांगू का, दिसायला मंगल कार्यालयच दिसत होतं. आत्याने तर विचारलं होतं की इथे हॉल भाड्याने देणार का म्हणून.

पहिला सीझन ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात डॉकच्या समोर, जिथे ट्रेलर रिव्हर्स मारायला वळतो, तिथे दोन पट्टे खाली बसले, बरोबर चाकाच्या रुंदीचे. तिसऱ्या वर्षी त्या पट्ट्यांत पाणी साचायला लागलं, ब्लॉकवर चाक गेलं की बाजूने पिचकारीसारखं काळं पाणी उडायचं, पाहुण्याच्या पांढऱ्या पायजम्यावर एकदा उडालं तेव्हा अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. कडेचे ब्लॉक हळूहळू मातीकडे सरकले, त्यामुळे मधल्या फटी वाढल्या, आणि चौथ्या सीझनला ब्लॉक सुटे होऊन उभे राहायला लागले. पोरं सकाळी झाडायला आली की आधी ब्लॉक गोळा करून परत बसवायची, जसे काय रांगोळीचे ठिपके जोडतायत.

ठेकेदाराला बोलावलं तर तो म्हणाला "गाड्या ओव्हरलोड येतात तुमच्या". आम्ही म्हटलं ब्लॉक हलके दिले. तो म्हणाला, तुम्हीच स्वस्तातले मागितले होते. हे असंच चाललं वर्षभर.

शेवटी पुण्याचा मामेभाऊ दिवाळीला आला. तो रस्त्याच्या कामांवर इंजिनीयर आहे. फराळ झाल्यावर त्याने पहार मागितली. मला वाटलं ब्लॉकचा तुकडा फोडून ताकद बघणार. त्याने ब्लॉककडे ढुंकूनही पाहिलं नाही, सहा ब्लॉक उचलून बाजूला ठेवले आणि खाली खोदायला लागला. ब्लॉकखाली चार-पाच इंच कच, म्हणजे खडीची बारीक चुरी. त्याखाली मुरूम, तो कसाबसा चार इंच, तोही कुठे आहे कुठे नाही. आणि त्याखाली आमची काळीभोर माती, ओली, लोण्यासारखी, पहार हाताने दाबली तरी आत जात होती. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही शेतावर सतरंजी अंथरली आहे."

काळ्या मातीचं आपल्याला कौतुक असतं, असायलाच पाहिजे, पोट तिच्यावर आहे. पण हीच माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, मे महिन्यात बांधावर पडलेल्या भेगेत अख्खा हात जातो हे आपण लहानपणापासून बघतो, आणि तरी तिच्यावर तीस टनाची गाडी उभी करताना आपल्याला त्या भेगा आठवत नाहीत. जमिनीत किती दम आहे ते मोजायची एक टेस्ट असते, सीबीआर म्हणतात, त्यात मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यात दट्ट्या दाबून बघतात. चांगल्या फोडलेल्या खडीला शंभर धरलं तर आपली काळी माती भिजल्यावर दोन-तीनवर येते. आणि ओल्या काळ्या मातीवर खडी नुसती ओतली तर पावसाळ्यात गाड्यांच्या दाबाने खडी खाली जाते आणि माती वर येते, दोन वर्षांनी खोदून बघा, खडी गेली कुठे तेच कळत नाही.

आता वजनाचं. अण्णांचं म्हणणं होतं की सीझनला दिवसाला शंभर पिकअप येतात आणि कंटेनर एकच, मग कंटेनरने काय एवढं होतं. मला पण पटायचं ते. तर अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं रात्रंदिवस ट्रक फिरवले होते, फक्त रस्ता कसा मोडतो ते बघायला. त्यातून जो ढोबळ हिशोब निघाला तो आजही इंजिनीयर लोक वापरतात, की ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या एका आडव्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं. चौथा घात. म्हणजे भरल्या पिकअपचा ॲक्सल एक टनाचा धरला आणि ट्रकचा दहा टनाचा, तर ट्रकचा एक ॲक्सल दहा हजार पिकअप ॲक्सलच्या बरोबरीचा. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं, मग कागदावर दहा गुणिले दहा गुणिले करून बघितलं आणि गप्प बसले. वरून २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने ॲक्सलची कायदेशीर मर्यादाच वाढवली, चार टायरचा सिंगल ॲक्सल १०.२ टनांवरून ११.५ वर गेला आणि जोड ॲक्सल १९ वरून २१ वर. म्हणजे ठेकेदार ज्याला ओव्हरलोड म्हणत होता त्यातलं बरंचसं आता कायद्यातच बसत होतं.

पण खरा मुद्दा वजनाचाही नाही, आणि हाच मला मित्राला सांगायचा होता. हायवेवर ट्रक सरळ पळतो, चाक फिरतं आणि पुढे जातं. यार्डात तो पळत नाही, पिळतो. ट्रेलरला मागे दोन-तीन ॲक्सल असतात, ते स्वतः वळत नाहीत, घोडा पूर्ण आडवा करून ड्रायव्हर डॉकला रिव्हर्स घेतो तेव्हा मागची चाकं फिरण्यापेक्षा आडवी घासतच जास्त जातात. उभं राहून ऐका कधी, टायर किंचाळतात. दळायला बसल्यासारखं ते त्याच त्या पंधरा बाय पंधरा फुटात रोज होत असतं, आणि आपण तिथे टाकतो काय, तर घराच्या पार्किंगला टाकतो तेच. हायवेवरच्या डांबरी रस्त्याने जे सहन केलं नसतं ते आपण साठ एमएमच्या ब्लॉककडून मागत होतो.

ब्लॉकला मी शिव्या घालत नाहीये बरं का. ब्लॉक ही फार हुशार वस्तू आहे, आणि गंमत म्हणजे ती आमची द्राक्षं जातात तिकडूनच आलेली आहे. आमचे बरेचसे कंटेनर रॉटरडॅमला उतरतात. दुसऱ्या महायुद्धात ते शहर बेचिराख झालं होतं, आणि नेदरलँडमध्ये रस्ते पूर्वीपासून विटांचे असायचे, पण युद्धानंतर विटा घरांना लागायला लागल्या म्हणून रस्त्यांना काँक्रीटच्या विटा पाडायला लागले, तिथून हे सगळं सुरू झालं. तिथली जमीन भराव टाकलेली, सारखी बसते, म्हणून बंदरातल्या कंटेनर यार्डातसुद्धा त्यांनी ब्लॉक वापरलेत, कारण खचलं की ब्लॉक उचलायचे, खालचं नीट करायचं आणि तेच ब्लॉक परत लावायचे. म्हणजे कंटेनर ब्लॉकवर चालतोच. मग आमच्याकडे का नाही चालला?

तर एक म्हणजे ब्लॉक एकटा काही उचलत नाही, शेजाऱ्यांना धरून उचलतो, आणि त्या धरण्याचं काम फटीतली बारीक रेती करते. दोन ते चार एमएमची फट आणि त्यात गच्च भरलेली कोरडी रेती, बस. ती रेती गेली की शंभर ब्लॉक शंभर दिशांना. आणि आम्ही काय करत होतो? रोज संध्याकाळी प्रेशर पंप लावून त्याच यार्डात क्रेट धूत होतो. पाच वर्षं स्वतःच्या हाताने फटीतली रेती धुवून काढली आणि वर ठेकेदाराला शिव्या दिल्या. हे मामेभावाने सांगितलं तेव्हा मी पंप चालवणाऱ्या पोराकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे, कारण तिथे क्रेट धुवायला सांगणारा मीच होतो.

दुसरं म्हणजे कड. ब्लॉकला चारी बाजूंनी काँक्रीटचा पक्का कर्ब लागतो, नाहीतर चाकाचा प्रत्येक धक्का त्यांना बाहेर ढकलतो. आमच्याकडे कडेला नुसती सिमेंटची दाट पट्टी ओढली होती, तीन इंचाची, ती पहिल्याच वर्षी तडकली. तिसरं, ब्लॉकखालची रेती. ती इंच-सव्वा इंचच पाहिजे, फक्त बसायला गादी म्हणून. आमच्याकडे खालची जमीन लेव्हल नव्हती तर लेव्हल कचेने भरून काढली, कुठे दोन इंच कुठे पाच, मग जिथे पाच तिथे जास्त बसलं. चौथं, ब्लॉक लावायची पद्धत. सरळ ओळीत लावले तर गाडीच्या दिशेने ओळच्या ओळ सरकते, माशाच्या काट्यासारखे तिरके एकमेकांत अडकवून लावले तर वळणारं चाक त्यांना सहज हलवू शकत नाही. आणि पाचवं, ब्लॉक स्वतः. रबर मोल्डचे ब्लॉक चकचकीत दिसतात कारण साच्यात ओलं काँक्रीट ओतून टेबलवर हलवून काढतात. मशीनवर दाबून काढलेला ब्लॉक वरून खरबरीत, दिसायला दळभद्री, पण आतून जास्त घट्ट. ब्लॉकसाठी आयएस १५६५८ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात फुटपाथपासून ते एकदम अवजड वाहतुकीपर्यंत वेगवेगळे ग्रेड दिलेत, हलक्या वाहतुकीला एम ३५ आणि अवजडला एम ५०, आकडा मोठा तितका ब्लॉक मजबूत. आमच्या बिलावर ग्रेडच लिहिलेला नव्हता. "लाल-पिवळा" एवढंच होतं.

मग डांबर का नाही, हे पण लोक विचारतात. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याने केलंय, त्याचं बघूनच आम्ही नाही केलं. एकतर डिझेल. रीफर कंटेनरला जेनसेट, म्हणजे स्वतःचा डिझेल जनरेटर, असतो, त्यातून थेंब थेंब गळत राहतं, आणि डिझेल डांबराला विरघळवतं, शेवटी दोघं एकाच क्रूडमधून निघालेले सख्खे भाऊ. म्हणूनच पेट्रोल पंपावर नोझलजवळ बघा, डांबर जवळपास दिसणार नाही, काँक्रीट किंवा ब्लॉकच असतात. आणि दुसरं म्हणजे घोडा सोडून ट्रेलर नुसता उभा ठेवला की तो पुढे दोन लोखंडी पायांवर उभा राहतो, मे महिन्याच्या दुपारी ते पाय डांबरात असे रुततात की खाली फळी ठेवली नाही तर काढताना जॅक लागतो. त्याच्या यार्डात ते चौकोनी खड्डे दोन-दोनच्या जोडीने दिसतात, हत्ती चालून गेल्यासारखे.

तर २०२२ ला एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पोकलेन लावलं.

अडीच फूट खोदलं. अण्णांना हे अजिबात पटत नव्हतं, पैसे जमिनीत गाडतोय म्हणायचे, आणि शब्दशः खरंच होतं ते. पावणेतीनशे ब्रासच्या आसपास काळी माती निघाली, ती मात्र त्यांनी एका चमच्याची वाया जाऊ दिली नाही, वरच्या मुरमाड वावरात नेऊन पसरली, आणि त्यावरच्या बागेची फूट बघून आता म्हणतात की यार्डाचा अर्धा खर्च तिथे निघाला. (निघालेला नाही. पण मी काही बोलत नाही.)

तळाला जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलं, म्हणजे माती वर येऊ नये आणि खडी खाली जाऊ नये. मग मुरूम, सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी मारून, रोलर फिरवून. एकदम फूटभर ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच दाबले जातात आणि खालचं पोकळ राहतं. रोलरवाला हेच करायला बघत होता कारण त्याला दुसऱ्या साईटवर जायचं होतं, त्याला दुपारचं जेवण घालून थांबवून ठेवला. मुरमावर जीएसबी, म्हणजे खडीमिश्रित भरावाचा थर, आणि हे सगळं ढाळ देऊनच, शंभर फुटाला एक फूट, डॉककडून गेटकडे. ढाळ खालपासून द्यायचा असतो, वरच्या थरात नाही, नाहीतर वर पाणी गटारीत जातं आणि खाली मुरलेलं पाणी डॉकच्या पायात जाऊन बसतं.

मग यार्डाचे तीन भाग केले आणि हा निर्णय मला अजूनही सगळ्यात आवडतो. डॉकसमोर, वळणाच्या जागी आणि गेटमध्ये काँक्रीट. कंटेनर वाट बघत उभे राहतात तिथे ब्लॉक. मागे ट्रॅक्टर आणि मजुरांच्या मोटरसायकली लागतात तिथे पूर्वीसारखी खडीच, नवीन रोलिंग मारून. सगळीकडे एकच टाकलं पाहिजे असा काही नियम नाही, पण आपल्याला सगळं सारखं दिसायला हवं असतं.

काँक्रीट आठ इंच, एम ४०, खाली चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, आणि मध्ये प्लास्टिकचा कागद. सात हजार स्क्वेअर फूट होतं, म्हणजे सहा घनमीटरच्या बावीस गाड्या. मे महिना, दुपारी चाळीस डिग्री, म्हणून सगळं काम रात्री. आठ वाजता पहिला मिक्सर यायचा आणि पहाटेपर्यंत चालायचं, अण्णा खुर्ची टाकून बॅटरी घेऊन बसायचे. पहिल्याच रात्री मिक्सरचा ड्रायव्हर म्हणाला, "माल घट्ट आहे शेठ, पाणी मारू का थोडं?" मजूर पण हो हो करायला लागले कारण पातळ माल ओढायला सोपा. मामेभावाने आधीच बजावून ठेवलं होतं की प्लँटवरून निघालेल्या मालात पाण्याचा एक थेंब पडता कामा नये, पातळ हवा असेल तर प्लँटवाल्याला केमिकल वाढवायला सांग. वरून मारलेलं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी काँक्रीटमध्ये भोकं राहतात, एवढं साधं आहे ते. अण्णांनी सरळ पाण्याचा पाईपच गुंडाळून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला.

सळयांवरून मात्र अण्णांचं आणि मिस्त्रीचं वाजलं. दोन स्लॅबच्या सांध्यात २५ एमएमच्या दीड-दीड फुटाच्या सळया टाकतात, फुटाफुटावर, म्हणजे चाक एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जाताना वजन शेजारच्यालाही मिळतं आणि कड खाली दबत नाही. या सळया गुळगुळीत असतात, पिळाच्या नाही, आणि त्यांच्या अर्ध्या भागाला ग्रीस लावतात. अण्णांना वाटलं हा फसवतोय, पिळाची सळई सोडून साधी वापरतोय, वरून ग्रीस लावून ती काँक्रीटला धरूही देत नाहीये. मला पण समजावता येईना. मग फोन लावून दिला. मामेभाऊ म्हणाला, "अण्णा, काँक्रीट उन्हात वाढतं, थंडीत आखडतं, आपल्या निफाडच्या थंडीत तर विचारू नका. सळईने वजन धरायचं, पण स्लॅबला हलायला अडवायचं नाही. दाराची कडी नाही, कपाटाचा ड्रॉवर आहे तो." ड्रॉवर त्यांना पटला.

सांधे कापायचं पण असंच. काँक्रीट सुकताना आखडतं आणि तडकतंच, तुम्ही कितीही नवस बोला. म्हणून चौदा-चौदा फुटांवर कटरने अडीच इंच खोल खाच पाडून ठेवतात, म्हणजे तडा जायचाच तर त्या खाचेखाली सरळ रेषेत जाईल. हे काम टाकल्यानंतर काही तासांतच व्हायला लागतं, फार लवकर केलं तर कडा उखडतात, उशीर झाला तर काँक्रीट आपली वाट आपण शोधून घेतं. तिसऱ्या रात्रीनंतर आमच्या कटरचं ब्लेड गेलं, नाशिकहून दुसरं आणेपर्यंत दुपारचे तीन वाजले, आणि गेटजवळच्या एका स्लॅबमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका तडा आधीच हजर. तो आजही आहे. दरवर्षी त्यात सीलंट भरतो. सांध्यांत पण पॉलिसल्फाईडचं सीलंट आहे कारण ते डिझेलला दाद देत नाही.

वरून फिनिशिंग चकचकीत करायचं नाही, ओलं असतानाच ब्रश ओढून खरबरीत ठेवायचं. आतल्या हॉलमध्ये ट्रिमिक्स, म्हणजे पाणी ओढून घोटलेलं काँक्रीट, गुळगुळीत शोभतं, बाहेर पावसात त्याच्यावर माणूस क्रेटसकट आडवा होतो.

पाणी मारायला आम्ही भारी आयडिया केली, मजुरांच्या भरवशावर न ठेवता सगळीकडे गोणपाट अंथरलं आणि त्यावर बागेतल्या जुन्या ड्रिपच्या लॅटरल टाकल्या, दर दोन तासांनी अर्धा तास सोडायचं. चौदा दिवस गोणपाट वाळलं नाही. आणि अठ्ठावीस दिवस एकही जड गाडी आत नाही, खताचा ट्रक आला तो पण रोडवर उभा करून पोती डोक्यावर आणली, हमालांनी जास्तीचे पैसे घेतले, द्यावे लागले.

ब्लॉकचा भाग त्यामानाने निवांत झाला. शंभर एमएमचे, एम ५० चे, करड्या रंगाचे, काट्याच्या नक्षीत. खाली दहा इंच डब्ल्यूएमएम (ओली कालवून दाबलेली मिश्र खडी), चारी बाजूंनी काँक्रीटचा कर्ब. आणि क्रेट धुवायला मागे वेगळा ओटा केला, पंप आता तिथून हलत नाही.

दोन गोष्टी मात्र परत चुकल्या असत्या. गेटसमोर रोडच्या गटारीवर मोरीसाठी पूर्वी एनपी २ चा, म्हणजे हलक्या भाराचा, सिमेंटचा ह्यूम पाईप होता, तो कधीच पिचकला होता आणि म्हणून सगळं पाणी आत तुंबायचं, आम्ही मात्र ब्लॉकलाच दोष देत बसलो. आता जड वाहतुकीचा एनपी ४ टाकलाय, वरून काँक्रीटचं वेष्टण. आणि चेंबरची झाकणं. झाकणावर एचडी २० किंवा ईएचडी ३५ असं कोरलेलं असतं, तो आकडा म्हणजे किती टनांवर ते टेस्ट केलंय. दुकानदाराने गपचूप एमडी १० वाली पाठवली होती, म्हणजे कंटेनरचं चाक पडलं की सरळ खाली. अण्णांनीच पकडलं, ते आता झाकण वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

आणि एक गोष्ट चुकलीच. उभ्या कंटेनरला लाईट द्यायचे प्लग पॉइंट आम्हाला वर्षभराने सुचले, आणि काँक्रीटखालून केबलसाठी पाईप टाकायचा राहिलेला. नशिबाने थोडं वळसा घालून ब्लॉकच्या भागातून नेता आलं, दोन दिवसांत ब्लॉक काढले, चर खोदली, पाईप टाकला, भरून धुम्मस केलं आणि तेच ब्लॉक परत लावले. तेव्हा मला ते रॉटरडॅमवाले आठवले. रिकामे का होईना, यार्डाच्या आरपार चार-पाच पाईप टाकून ठेवाच.

पहिला मोठा पाऊस पडला त्या दिवशी अण्णा छत्री आणि गेरूचा डबा घेऊन यार्डात फिरले आणि जिथे जिथे पाणी थांबलं तिथे गोल काढला. सहा गोल निघाले. त्यातले पाच ब्लॉकच्या भागात होते, ते उचलून नीट केले. सहावा वजनकाट्याशेजारी काँक्रीटमध्ये आहे, परातीएवढं पाणी राहतं, चिमण्या अंघोळ करतात.

हे सगळं ऐकून मित्राने वही बंद केली आणि विचारलं, "बरं, पण स्क्वेअर फुटाला किती पडेल?" मी म्हटलं आधी तुझ्या प्लॉटवर पहारीने खड्डा घे, मग बोलू. काल रात्री त्याचा फोटो आला. दोन फुटांवरच पिवळा मुरूम लागलाय त्याला. नशीब असतं एकेकाचं.